कायदा माहीत असायलाच हवा, पण तो मिळायचा कुठे?

भारतीय न्याय संहितेच्या १४व्या आणि १७व्या कलमांत एक भेद केलेला आहे. एखाद्याने वस्तुस्थितीबद्दलच्या चुकीच्या समजुतीने, पण प्रामाणिकपणे काही केले, तर त्याला बचाव मिळू शकतो. कायद्याबद्दलच्या चुकीच्या समजुतीला मात्र तो बचाव नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेची ७६ आणि ७९ ही कलमेही हेच सांगत होती. नियम कठोर आहे, पण त्याच्यावाचून न्यायालयांचे काम चालणार नाही. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्या उत्तरावर सुटका होऊ लागली, तर कायदा न वाचणाराच फायद्यात राहील. म्हणून राज्य असे धरून चालते की देशाचा कायदा सर्वांना माहीत आहे: शेतमजुराला, रिक्षावाल्याला, कालच परगावाहून शिकायला आलेल्या मुलीलासुद्धा. हे गृहीतक खरे नाही हे सगळ्यांनाच कळते. सर्व कायदे वकिलांना आणि न्यायाधीशांनाही तोंडपाठ नसतात. तरीही ते न्याय्य ठरू शकते, पण एका अटीवर. ज्याला कायदा जाणून घ्यायचा आहे त्याला तो सहज, विनामूल्य आणि आज लागू असलेल्या स्वरूपात मिळाला पाहिजे. ही अट पाळण्याची जबाबदारी राज्याची आहे, आणि इंटरनेट आल्यापासून ती टाळायला राज्याकडे सबब उरलेली नाही. या प्रकरणात मी हीच बाजू मांडणार आहे.

‘निदान जाहीर तरी करा’ ही मागणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी मान्य केली. जयपूर संस्थानात महाराज वयाने लहान असताना कारभार मंत्रिमंडळाकडे होता. त्या मंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी एक ठराव करून अफूविषयीचा कायदा केला. तो राजपत्रात छापला गेला नाही आणि त्याची दवंडीही पिटली गेली नाही. तो चार भिंतींच्या आत झाला आणि तिथेच राहिला. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. हा खटला १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ती शिक्षा रद्द केली. लोकांना कळेल अशा कोणत्या ना कोणत्या मार्गाने जाहीर झाल्याशिवाय कायदा अमलात येऊच शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. जो कायदा लोकांना कळण्याची सोयच नव्हती त्याखाली शिक्षा करणे सुसंस्कृत समाजाच्या न्यायबुद्धीला धरून नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. दंडाची रक्कम लहान होती, पण त्यातून निघालेले तत्त्व आजही भक्कम उभे आहे.

जाहीर करणे म्हणजे नेमके किती करणे, हा प्रश्न मात्र तिथे सुटला नाही. तो मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर पुन्हा उभा राहिला. रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबर १९६२ रोजी परदेशातून परदेशात नेल्या जाणाऱ्या, पण वाटेत भारतात थांबणाऱ्या सोन्याबद्दल नवी अट घातली. विमानाच्या मालयादीत त्या सोन्याची नोंद असली पाहिजे, अशी ती अट होती. अधिसूचना २४ नोव्हेंबरला राजपत्रात छापली गेली. झ्यूरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी २८ नोव्हेंबरला मुंबईत उतरणाऱ्या विमानात होता आणि त्याच्या अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोने होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने तो दोषी असल्याचे ठरवले. शिक्षा तेवढी भोगून झालेल्या कैदेपुरती कमी केली. भारतात राजपत्रात प्रसिद्धी झाली एवढे पुरेसे आहे, प्रवाशाला ती प्रत्यक्ष कळली होती का हे पाहण्याचे कारण नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. सोने लपवून नेणाऱ्याबद्दल सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. पण त्या निकालाने राज्याच्या कर्तव्याची किमान रेषा राजपत्राच्या पानावर आखली, आणि पुढची कित्येक दशके सरकारी खाती त्या रेषेच्या पलीकडे फारशी सरकली नाहीत.

राजपत्रात कायदा जन्माला येतो, पण नंतरचे त्याचे आयुष्य तिथे एका जागी सापडत नाही. मूळ अधिनियम एका वर्षीच्या अंकात असतो आणि त्यातल्या दुरुस्त्या पुढच्या पाच-पन्नास अंकांत विखुरलेल्या असतात. दुरुस्तीची भाषाही ठरावीक असते: मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमातील, पोटकलम (२) मधील, ‘साठ दिवस’ या मजकुराऐवजी ‘नव्वद दिवस’ हा मजकूर दाखल करण्यात येईल. मूळ पाठ शेजारी नसेल तर या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. आज अपील करायला किती दिवस आहेत हे समजायला मूळ कायदा, त्यानंतरच्या सगळ्या दुरुस्त्या, त्या कोणत्या तारखेला अमलात आल्या त्याच्या अधिसूचना आणि त्यांखाली केलेले नियम एकत्र लावून वाचावे लागतात. हे जोडकाम कुणीतरी करावेच लागते. आपल्याकडे ते वर्षानुवर्षे खासगी प्रकाशकांनी केले आणि त्याची किंमत घेतली. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१५ पासून राजपत्राची छपाई थांबवली आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ८ चा आधार घेऊन ते फक्त संकेतस्थळावर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यामुळे राजपत्र घरबसल्या मिळू लागले, ही मोठीच सोय झाली. पण त्यात मिळतात ते सुटे तुकडेच. दुरुस्त्यांसह जोडलेला, आजच्या तारखेचा कायदा मिळणे ही निराळी गोष्ट आहे, आणि नागरिकाला गरज तिची असते.

हा फरक किती महागात पडतो, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६अ ने दाखवून दिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली आणि देशभर खळबळ उडाली. त्यातूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. निकाल गाजला, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आला. तरीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाची प्रत सर्व उच्च न्यायालयांना आणि मुख्य सचिवांना पाठवण्यास सांगितले. जुलै २०२१ मध्ये प्रकरण पुन्हा समोर आले, तेव्हा ११ राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत असे ७४५ खटले चालू असल्याचे याचिकेत म्हटले होते. न्यायमूर्ती नरिमन यांनी त्यावर तीव्र आश्चर्य व्यक्त केले. महान्यायवादी वेणुगोपाल यांनी दिलेले स्पष्टीकरण आपल्या विषयाच्या गाभ्याला भिडणारे आहे: छापील अधिनियमात ते कलम अजूनही तसेच आहे, ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत आहे, आणि पोलीस अधिकारी कलम वाचतो, तळटीप वाचत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे निकालानंतर साडेसात वर्षांनी, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये असे न्यायालयाला पुन्हा बजावून सांगावे लागले. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात राहिलेल्या एका ओळीपायी माणसांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. रद्द झालेले कलम मजकुरात ठळकपणे रद्द दिसणे, हा सजावटीचा प्रश्न नाही. त्यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

कायदा लोकांना सापडत नसेल, पण सरकारला आणि न्यायालयांना तरी सापडत असेल, असे कुणाला वाटेल. पुरावा तसे सांगत नाही. २०१४ मध्ये कालबाह्य कायदे शोधण्यासाठी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. केंद्राचे २,७८१ अधिनियम पुस्तकात आहेत आणि त्यांपैकी १,७४१ रद्द करण्याजोगे आहेत, असे त्या समितीने सांगितले. कायदे किती आहेत आणि त्यांतले किती निरुपयोगी आहेत, हे कळायलाच समिती लागली यातच सगळे आले. ब्रिटनसारख्या जुन्या संसदीय देशातही हेच घडले आहे. तंबाखूवरचा कर चुकवणाऱ्या एका आरोपीवर मालमत्ता जप्तीचा आदेश झाला होता आणि त्याचे अपील २००८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयात होते. ज्या १९९२च्या विनियमांवर सगळा युक्तिवाद उभा होता ते सात वर्षांपूर्वीच बदललेले आहेत, हे निकालाचा मसुदा तयार झाल्यावर लक्षात आले. सरकारी वकिलांना ते माहीत नव्हते, बचावाच्या वकिलांना नव्हते आणि न्यायाधीशांनाही नव्हते. न्यायमूर्ती टूल्सन यांनी निकालातच कबूल केले की देशाचा कायदा खुद्द न्यायालयांनाही व्यवहारात नीट मिळत नाही. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने कायद्यांचे एकत्रित संकेतस्थळ खुले केले. तिथे बहुतेक अधिनियम दुरुस्त्यांसह वाचता येतात, अनेकांचा जुन्या एखाद्या तारखेचा पाठही उघडता येतो, आणि प्रत्येक कलमाला स्वतःचा कायमचा पत्ता आहे. गुन्हा २०१२ मध्ये घडला असेल, तर २०१२ मध्ये कलम काय म्हणत होते ते कळणे अत्यावश्यक असते. पुस्तकाची नवी आवृत्ती हे सांगू शकत नाही, नीट बांधलेले संकेतस्थळ सांगू शकते.

या कामाची सुरुवात सरकारांनी केलेली नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या पीटर मार्टिन आणि टॉमस ब्रूस यांनी १९९२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात ग्रॅहम ग्रीनलीफ आणि अँड्र्यू मोब्रे यांनी १९९५ मध्ये कायद्यांचे विनामूल्य संग्रह उभे केले. अशा संस्थांनी २००२ मध्ये माँट्रियलला एकत्र येऊन जाहीरनामाच काढला: कायद्याविषयीची सार्वजनिक माहिती हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे. भारतातही पहिले मोठे पाऊल एका व्यक्तीने उचलले. संगणकशास्त्रज्ञ सुशांत सिन्हा यांनी २००८ मध्ये ‘इंडियन कानून’ सुरू केले. निकाल आणि कलमे एकमेकांना जोडून शोधता येणारे, विनामूल्य वाचता येणारे ते संकेतस्थळ तालुका न्यायालयातल्या वकिलापासून पत्रकारापर्यंत सगळ्यांच्या हाताशी आले. त्याला जमीन तयार मिळाली होती, कारण डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात एक महत्त्वाची रेघ मारली होती. प्रकाशकाने केलेली परिच्छेदरचना आणि त्याने लिहिलेल्या टिपा यांवर त्याचा हक्क राहील, पण निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे अधिकृत अहवाल ‘ई-एससीआर’ या नावाने विनामूल्य उघडले ते जानेवारी २०२३ मध्ये, तेव्हा त्यांत सुमारे ३४,००० निकाल होते. त्याच वर्षी प्रत्येक निकालाला न्यायालयाचा स्वतःचा क्रमांक मिळू लागला. खासगी मालिकेचा खंड आणि पान सांगितल्याशिवाय निकालाचा हवाला देता येत नाही, ही अडचण त्याने दूर केली. वरवर हा बदल लहान दिसतो. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण न्यायालयाच्या शब्दाकडे जाणारी वाट आता कुणाच्या खासगी अंगणातून जात नाही.

अधिनियमांच्या बाबतीत धक्का माहिती अधिकाराने दिला. त्या कायद्याच्या कलम ४ नुसार सरकारी कार्यालयांनी आपले नियम, विनियम आणि सूचना आपणहून प्रसिद्ध करायच्या असतात, तेही इंटरनेटसह सर्व साधनांनी. विधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अधिनियमाची वाचता येईल अशी प्रत नाही, अशी तक्रार कायद्याच्या एका विद्यार्थ्याने केली. तिच्यावर २०१५ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त श्रीधर आचार्युलू यांनी सरकारला खडसावले: नागरिकाला कायदा माहीत असलाच पाहिजे म्हणता, तर तो उपलब्ध करून देणे तुमचे कर्तव्य आहे. हा वाद पुढे दिल्ली उच्च न्यायालयातही गेला. आज ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे अधिनियम कलमवार, शोधता येतील असे ठेवलेले आहेत आणि त्यांच्या जोडीला काही नियम आणि अधिसूचनाही दिसतात. ही खरी प्रगती आहे. राज्यांच्या कायद्यांचे आणि नियमांचे चित्र मात्र विस्कळीत आहे. कुठे मजकूर आहे, कुठे छापील पानांची नुसती छायाचित्रे. शोध घेता न येणारे छायाचित्र म्हणजे कुलूप बदलून तेच कपाट.

सगळ्यांत खटकणारी विसंगती प्रताधिकार कायद्यातच बसलेली आहे. १९५७च्या त्या अधिनियमानुसार सरकारी साहित्याची मालकी सरकारकडे आणि मुदत ६० वर्षे. कलम ५२ मध्ये काही सवलती दिल्या आहेत. न्यायालयाचे निकाल, मनाई नसेल तर, कुणीही छापावेत. राजपत्रातला इतर मजकूरही छापावा. पण विधिमंडळाचा अधिनियम मात्र भाष्यासह किंवा आणखी काही स्वतंत्र मजकुरासह छापला तरच ही सवलत मिळते. लोकांनी निवडलेल्या सभागृहाने, लोकांच्या पैशाने, लोकांना बांधील करण्यासाठी केलेला मजकूर जसाच्या तसा छापायला अट असावी, याला आज कोणताही पटणारा आधार नाही. अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर १९व्या शतकातच शोधायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये ते आणखी पुढे नेले. जॉर्जिया राज्याची अधिकृत संहिता टिपांसह छापली जाई आणि त्या टिपांवर राज्य आपला प्रताधिकार सांगे. कार्ल मालामुद यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ या संस्थेने ती सगळी संहिता स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली, तेव्हा राज्याने खटला भरला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: कायदे करणारे आपल्या अधिकृत कामात जे लिहितात त्याचे ते खासगी लेखक नसतात, म्हणून टिपाही मुक्त आहेत. याच मालामुद यांनी भारतीय मानकांसाठीही लढा दिला. इमारत कशी बांधावी, विजेची जोडणी कशी असावी, हे ठरवणारी मानके अनेकदा कायद्याने सक्तीची होतात, आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या एका प्रतीची किंमत १३ हजार रुपयांच्या वर होती. हे प्रकरण २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आता भारतीय मानक ब्यूरोची मानके नोंदणी करून विनामूल्य मिळतात. त्यामुळे ब्यूरो बंद पडलेला नाही.

पहिला आक्षेप पैशाचाच असतो. जोडकाम कष्टाचे आहे, प्रकाशकांनी त्यात पिढ्या घालवल्या; विनामूल्य म्हटले तर ते जगतील कसे? प्रकाशकांच्या कामाबद्दल मला आदर आहे. संदर्भसूची, भाष्य, निकालांचे सार, परस्परविरोधी निकालांची संगती, हे सारे ज्ञान आहे आणि त्याची किंमत मागणे योग्यच आहे. कायद्याची अक्षरे मात्र त्यांची नाहीत. मूळ मजकूर खुला असलेल्या ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये कायद्याची भाष्ये आजही विकली जातात. तिथले प्रकाशक भाष्याच्या गुणावर स्पर्धा करतात, मजकुराच्या ताब्यावर नाही. राहिला प्रश्न सरकारच्या खर्चाचा. विधेयकाचा मसुदा संगणकावरच तयार होतो आणि दुरुस्तीही तिथेच लिहिली जाते. दुरुस्ती मंजूर होताच तिच्यासह जोडलेला पाठ त्याच खात्याने प्रसिद्ध करायचा, असा दंडक घातला तर वाढीव श्रम थोडेच आहेत. आज हेच जोडकाम प्रत्येक प्रकाशक, प्रत्येक मंत्रालय आणि प्रत्येक मोठे वकिली कार्यालय वेगवेगळे करते. राष्ट्राच्या हिशेबाने खर्च त्याचाच जास्त होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर दिसतो: कायदा हाती पडला तरी सामान्य माणसाला तो काय कळणार? उलट अर्धवट वाचून तो गोत्यात येईल. महाराष्ट्रातल्या शासन निर्णयांचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. ‘जीआर’ मराठीत असतो, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य असतो, त्याच्या शेवटी संकेतांक असतो आणि खाली डिजिटल स्वाक्षरी असते. बदलीच्या काळात शिक्षक, पीकविम्याच्या काळात शेतकरी आणि शिष्यवृत्तीच्या काळात पालक तो शोधून काढतात, एकमेकांना पाठवतात आणि टेबलापलीकडच्या बाबूसमोर ठेवतात. शासन निर्णय म्हणजे अधिनियम नव्हे, आणि त्याची भाषाही काही सोपी नसते. पण स्वतःच्या कामाचा मजकूर स्वतःच्या भाषेत मिळाला की माणसे तो वाचतात आणि त्यावरून भांडतातही. संकेतांक आणि स्वाक्षरीमुळे खोट्या प्रती फिरण्याच्या भीतीलाही उत्तर मिळते, कारण खरी प्रत कुणालाही ताडून पाहता येते. शिवाय वकील लागतोच हे मान्य केले, तरी वकिलाने सांगितलेले तपासून पाहण्याचा हक्क अशिलाला राहतोच. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नुकतीच सनद घेतलेला, महागडी वर्गणी न परवडणारा वकील हाही या कायद्याचा वाचकच आहे.

भाषेचा प्रश्न इथे टाळता येणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार केंद्रीय अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजीत असतो. १९७३च्या एका केंद्रीय कायद्याने राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेल्या प्रादेशिक भाषांतल्या अनुवादांनाही प्राधिकृत पाठाचा दर्जा दिला, आणि महाराष्ट्रात भाषा संचालनालयाने हे अनुवादाचे काम वर्षानुवर्षे केले आहे. म्हणजे अनेक केंद्रीय कायद्यांचा अधिकृत मराठी पाठ अस्तित्वात आहे. मूळ कायद्यात झालेल्या दुरुस्त्या त्या मराठी पाठातही वेळेवर उतरल्या पाहिजेत, नाहीतर मराठी वाचकाच्या हाती शिळा कायदा येतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची ५११ कलमे जाऊन न्याय संहितेची ३५८ आली. खुनाचे ३०२ हे १०३ झाले, फसवणुकीचे ४२० हे ३१८ झाले. दीड शतकाच्या सवयीचे आकडे एका रात्रीत बदलतात, तेव्हा अद्ययावत मराठी पाठाची गरज पोलीस ठाण्यातल्या हवालदारालाही असते आणि फिर्याद द्यायला आलेल्या बाईलाही. गोव्याने याची टोकाची अवस्था भोगली आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १९६१ नंतरही तिथल्या लग्नाला आणि वारशाला लागू राहिली, पण तिचा मूळ पाठ पोर्तुगीजमध्ये होता. गोवा सरकारने तिचा इंग्रजी अनुवाद राजपत्रात प्रसिद्ध केला तो २०१८ मध्ये. मुक्तीनंतर जन्मलेल्या पिढ्या आजी-आजोबा झाल्या, तोवर त्यांच्या घरादाराचा कायदा त्यांना न येणाऱ्या भाषेत होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. निकाल खुले झाले की त्यांतली माणसेही खुली होतात. निर्दोष सुटलेल्या माणसाचे नाव शोधयंत्रात टाकले की पहिला आरोपच समोर येतो. नोकरी जाते, लग्न मोडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात ‘इंडियन कानून’ला निकाल काढून टाकण्यास सांगितले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. दोन्ही बाजूंची व्यथा खरी आहे. पण त्यावर उपाय निकाल गायब करणे हा नाही, कारण निकाल हा पुढच्या खटल्यांसाठी कायदाच असतो आणि न्यायाधीशांच्या कामाची तपासणीही त्यावरूनच होते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्यास न्याय संहितेचे कलम ७२ आधीच मनाई करते. तीच शिस्त कौटुंबिक वादांना, मुलांच्या प्रकरणांना आणि निर्दोष सुटलेल्यांना लावता येईल. निकाल लिहितानाच नावांऐवजी आद्याक्षरे घालायची, म्हणजे तर्क सगळ्यांना दिसेल आणि माणूस झाकलेला राहील. हे काम न्यायालयाचे आहे. ते संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या डोक्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

खेड्यात इंटरनेट धड चालत नाही, असेही कुणी म्हणेल. ते खरे आहे, पण तिथे छापील राजपत्र तरी कधी पोहोचत होते? एकदा मजकूर खुला आणि शोधता येण्याजोगा झाला की ग्रामपंचायतीचा संगणक, सेवा केंद्र, वाचनालय, स्थानिक वृत्तपत्र आणि संघटनेचा कार्यकर्ता असे अनेक जण तो पुढे नेऊ शकतात. बंद मजकूर कुणालाच पुढे नेता येत नाही.

खरी उणीव आता दिल्लीपेक्षा आपल्या दाराशी आहे. बहुतेकांचा संबंध येतो तो संसदेच्या अधिनियमांपेक्षा खालच्या थरातल्या नियमांशी: नगरपालिकेचे उपविधी, पाणीपट्टीचे नियम, गृहनिर्माण संस्थेचे आदर्श उपविधी, डिसेंबर २०२० पासून राज्याच्या मोठ्या भागाला लागू झालेली आणि तेव्हापासून अधिसूचनांनी बदलत आलेली बांधकामाची ‘यूडीसीपीआर’ नियमावली. यांचा आजच्या तारखेचा, दुरुस्त्यांसह जोडलेला मराठी पाठ प्रत्येक स्थानिक संस्थेच्या संकेतस्थळावर असला पाहिजे. जोडलेला पाठ ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे बंधन घालणारी तरतूद संसदेने आणि विधानसभेने करावी, आणि प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मधली ती भाष्याची अट काढून टाकावी. तोवर नागरिकाच्या हाती माहिती अधिकाराचे कलम ४ आहे. आपल्या नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ उघडा, तुम्हाला दंड करण्यासाठी वापरला जाणारा नियम तिथे आहे का ते पाहा. नसेल तर त्याची प्रत अर्ज करून मागा, आणि ती सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवा असेही त्याच अर्जात लिहा. उत्तर आले नाही तर अपिलात जा. विशिष्ट माहिती प्रसिद्ध करायला लावण्याचा अधिकार कलम १९(८) ने माहिती आयोगाला दिलेला आहे.